फडावर जायच्या आधी

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. गडकिल्ल्यांचा नाही, बाईच्या स्तनातल्या गाठीचा. हे ऐकून कुणीतरी रेडिओचा आवाज बारीक केला असेल, सासरे ओसरीवर बसले असतील म्हणून. बारीक करा, पण बंद करू नका.

आधी शब्दाचं बोलते. आपण 'छातीत गाठ' म्हणतो. एक मावशी दवाखान्यात जाऊन 'छातीत कायतरी हाय' एवढंच म्हणाली. तिचा बीपी मोजला, हृदयाची पट्टी काढली आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. तीही लाजून गप्प बसली. म्हणून आज मी स्तन हाच शब्द वापरणार आहे. पोराला पाजताना आपण लाजलो नाही, आता कशाला लाजायचं?

भाद्रपद संपत आला होता. गटाची बैठक उरकली, बचतीचे पैसे मोजून झाले, ठराव वहीत लिहिला आणि बाया उठल्या. एक जण मागं राहिली. पस्तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई. पदर सावरत म्हणाली, "ताई, इथं गाठ लागतीय." कधीपासून, तर पंचमीच्या आधीपासून. दुखतीय का, असं विचारलं तर म्हणाली, "न्हाई ना. दुखत असती तर गेलेच असते की. दसरा झाला की टोळी निघल. उचल घेतलीय. फडावरनं आलो की उन्हाळ्यात बघू."

मी म्हटलं, उद्याच जाऊ. त्यावर तिनं जे सांगितलं, त्याला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. "माझ्या जावेलाबी आसंच म्हणले होते. पिशवी काढ, न्हाईतर कॅन्सर होईल. तिनं काढली. कंबर गेली तिची, आता मोळी उचलत न्हाई. मला न्यू नका."

ती निघून गेली. मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय, पण या प्रश्नाचा इतिहास कधी अभ्यासाला नव्हता. तो मग मी शोधला. जे सापडलं ते सांगते.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. २०१९ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जातायत. सरकारनं विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सतरा बाया. तक्रारी कसल्या होत्या? अंगावरून पांढरं जाणं, जास्त जाणं, ओटीपोटात दुखणं. फडावर ना आडोसा, ना पुरेसं पाणी, पाळीत कापड बदलायला जागा नाही. दुखणं तिथलंच होतं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो आणि कोयत्याचे पैसे कापले जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळं 'एकदाच काढून टाक आणि मोकळी हो' हे बाईला पटायचं. नाही पटलं, तर वरून कॅन्सरची भीती घालायची. कितीतरी बायांनी नंतर हेच सांगितलं, की कॅन्सर होईल असं म्हणाले म्हणून काढली.

पुढं जिल्ह्यात नियम झाला, की खासगी दवाखान्यानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. नियम आला, पण बायांच्या मनातला धसका कुठं जातो? कॅन्सर हा शब्द आपल्याकडं बाईला घाबरवून कापायला वापरला गेला. आता खरोखर तपासायची वेळ आली, तर बाई म्हणणारच, मला न्यू नका. मी तिला दोष देत नाही.

मग मी म्हटलं, हे 'कापून टाका' कुठून आलं ते तरी बघावं.

दोनशे वर्षांमागची एक गोष्ट मिळाली. फॅनी बर्नी नावाची इंग्लंडची लेखिका तेव्हा पॅरिसला राहत होती. १८१० मध्ये तिच्या स्तनात दुखू लागलं. जवळजवळ वर्षभर तिनं टाळाटाळ केली. शेवटी ३० सप्टेंबर १८११ ला घरातच, नेपोलियनच्या फौजेतल्या नामांकित शस्त्रवैद्यानं तिचा स्तन काढला. तेव्हा भूल नव्हती. भुलीचं औषध १८४६ साली आलं. तिला थोडी दारू पाजली, तोंडावर रुमाल टाकला आणि कापायला सुरुवात केली. पुढं महिन्यांनी तिनं बहिणीला पत्रात सगळं लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. त्यानंतर ती २८ वर्षं जगली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण मनात आलं, की हीही वर्षभर थांबलीच होती. जगात कुठंही जा, बाई आधी थांबतेच.

भूल आली तसे डॉक्टर धीट झाले. १८८० नंतर अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड नावाच्या शस्त्रवैद्यानं मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. गाठ केवढीही असो, सगळा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदमच काढायच्या. जितकं जास्त कापू तितकी बाई वाचेल, असा समज होता. जगभरच्या दवाखान्यांत पाऊणशे वर्षं हेच चाललं. बाईचा हात सुजायचा, वर उचलायचा नाही. हात गेल्यावर मोळी कशी बांधायची, याचा विचार तुम्हीच करा.

हा समज मोडला तो १९७० नंतर. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी या डॉक्टरांनी सरळ तुलना करून बघितली. मिलान शहरात १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांची नोंद केली. सगळ्यांची गाठ लहान, दोन सेंटिमीटरपर्यंतची, म्हणजे बोरापेक्षा मोठी नाही. निम्म्या जणींवर हॉलस्टेडची मोठी शस्त्रक्रिया केली. निम्म्या जणींची गाठ आणि भोवतीचा भाग, शिवाय काखेतल्या गाठी काढल्या, स्तन राखला आणि वर किरणांचे उपचार दिले. वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ साली निकाल छापून आला, की दोन्हीकडच्या बाया सारख्याच जगल्या. फिशर यांचाही निकाल त्याच वर्षी आला आणि तोही असाच होता. म्हणजे पाऊणशे वर्षं बायकांना गरजेपेक्षा जास्त कापलं गेलं. आपल्याकडं पिशवीचं झालं, तिकडं स्तनाचं झालं.

पण यातली एक गोष्ट नीट ऐका. थोडं कापून भागलं, ते गाठ लहान असताना. मोठी झाली, कातडीला चिकटली, काखेत पसरली की मग डॉक्टरांच्याही हातात थोडंच उरतं. ज्या बाईला दवाखान्याची भीती वाटते, तिनंच लवकर जायला पाहिजे. हे उलटं वाटतं खरं, पण हिशोब तोच आहे.

आपल्या बायांनी दवाखाना टाळण्याचं आणखी एक कारण होतं. डॉक्टर पुरुष. आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. चौदाव्या वर्षी त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ साली परदेशी निघण्याआधी त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर भाषण केलं आणि हिंदुस्थानात बाई डॉक्टर का हव्यात ते लोकांपुढं मांडलं. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत बायांसाठीचं कामा रुग्णालय सुरू झालं. दुसऱ्या वर्षी आनंदीबाई पुण्यात क्षयानं गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आता सव्वाशे वर्षांच्या वर झाली, तरी आपल्यातली कितीतरी बाई 'बाई डॉक्टर हाय का' हे विचारल्याशिवाय पायरी चढत नाही. विचारायला हरकत नाही. तपासताना सोबत बाई असावी, हा आपला हक्कच आहे. बाई डॉक्टर नाही म्हणून माघारी फिरू मात्र नका.

कॅन्सरचं मोठं रुग्णालय आपल्या राज्यात झालं, तेही एका बाईच्या मरणातून. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पाठोपाठ त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांनी मागं ठेवलेल्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. सुरुवातीला ८० खाटा होत्या. आता तिथं देशभरातून माणसं येतात. आपल्याकडून गेलेल्यांचं बाया काय सांगतात? 'मुंबईला नेलं आणि गेलं.' नेलं म्हणून गेलं नाही, न्यायला वर्ष घालवलं म्हणून गेलं, असं मला वाटतं. पण गावात गोष्ट उरते ती तशीच.

हे बदलायचा पहिला मोठा प्रयत्न आपल्या शेजारी झाला, बार्शीला. नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय तिथं आहे, आपल्याकडचे पुष्कळ लोक जातात. १९८७ साली तिथं खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, अशी ग्रामीण नोंदवही देशातली पहिलीच. मुंबईत १९६३ पासून नोंद होती, पण ती शहराची. बार्शी तालुका आणि आपल्या जिल्ह्याच्या शेजारच्या उस्मानाबादचे, आताच्या धाराशिवचे, परांडा आणि भूम हे तालुके घेतले. ३४६ गावं.

आता नोंद करायची तर कशी? शहरात दवाखान्याची कागदपत्रं तपासली की माणूस सापडतं. खेड्यात बाई दवाखान्यात गेलेलीच नसते, मग कागद कुठून येणार? म्हणून डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळा मार्ग धरला. कार्यकर्ते ठरलेल्या गावांना पुन्हा पुन्हा जायचे. लोकांना जमवून बोलायचे, कुठली लक्षणं धोक्याची ते सांगायचे, कुणाला तसं काही आहे का ते विचारायचे. असेल त्याला बार्शीला तपासणीला आणायचे. नुसती मोजणी करायला गेलेली माणसं, पण मोजायला आधी बोलावं लागलं. काही वर्षांनी वहीत एक बदल दिसला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आणि जास्त जगू लागल्या. ना नवीन यंत्र, ना नवीन औषध. कुणीतरी पारावर येऊन बोललं, एवढाच फरक.

तिथंच पुढं, १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायांना घेऊन मोठा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या तोंडाची एक साधी तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, असं त्यातल्या एका तपासणीनं दाखवलं. २००९ साली हे जगभर छापून आलं. मला वाईट कशाचं वाटतं सांगू? शीव ओलांडली की पलीकडं काही मिनिटांत तपासून बाईला घरी पाठवत होते, आणि अलीकडं आपल्या बायांना तेच भय दाखवून पिशव्या काढत होते. कॅन्सर तोच, बायाही आपल्यासारख्याच ऊस तोडणाऱ्या.

स्तनाच्या गाठीचा अभ्यास झाला मुंबईत, टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी केलेला. १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बाया घेतल्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बायांचे स्तन हातानं तपासायच्या. यंत्र नाही, फोटो नाही, नुसती बोटं. वीस वर्षांनी, २०२१ साली, निकाल छापला गेला. तपासलेल्या वस्त्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडत होते. पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायांत तसा फरक दिसला नाही. हेही सांगायला पाहिजे, कारण अर्धवट सांगून बायांना फसवण्याचं काम पुष्कळांनी केलंय. तरुण बाईला गाठ लागली तर तिनं जायचंच. पण मुंबईचा हा आकडा आजीचा आणि सासूबाईंचा आहे, आणि आपल्या घरात सगळ्यात उशिरा दवाखान्यात नेतात ती सासूच.

आज आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आरोग्य मंदिरात, तिशी ओलांडलेल्या बाईची अशी हातानं तपासणी व्हायची सोय आहे. आशाताई फॉर्म भरायला येतात ना, बीपी-शुगरचा, त्यातच हे असतं. आपण तेवढा प्रश्न 'न्हाई, न्हाई' म्हणून उडवतो.

आता मूळ प्रश्न. गाठ लागली, तर कधी जायचं?

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे आधी मनात पक्कं ठेवा. पाळीच्या आधी स्तन जड होतात, दाणेदार लागतात, पाळी गेली की उतरतात. तिशीच्या आतल्या मुलीनं एक पाळी जाऊ द्यावी. तरीही गाठ तिथंच असेल तर जावं. तिशी ओलांडली असेल तर नवी गाठ लागली त्याच आठवड्यात दाखवावी, आणि पाळी बंद झालेल्या बाईनं तर एक दिवसही मोजत बसू नये. अंगावर पाजणारीला ताप आला, स्तन लाल, गरम झाला, तर ती बहुधा दुधाची गाठ किंवा पू असतो. त्याच दिवशी दाखवा. लेप लावून, शेकून बघू म्हणू नका. औषध पुरं झाल्यावरही गाठ उरली तर पुन्हा जा, कारण प्रत्येक गाठ दुधाची नसते.

दुखण्याचा आपला हिशोब मात्र सपशेल चुकीचा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. टणक लागते, कडा धड सापडत नाहीत, आणि गप्प असते. कातडीला खळी पडली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडी नव्यानं आत ओढली गेली, बोंडीतून रक्त आलं, काखेत गाठ आली, तर गाठ हाताला लागो न लागो, जा.

आणि गेल्यावर? जावेच्या पिशवीची गोष्ट पुन्हा व्हायला नको, म्हणून हे पाठ करा. आधी डॉक्टरचा हात, मग फोटो, म्हणजे तरुण बाईची सोनोग्राफी आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफी, आणि मग सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी. सुईचा रिपोर्ट हातात येईपर्यंत स्तन काढायला हो म्हणायचं नाही. 'रिपोर्ट काय आलाय ते कागदावर दाखवा' असं म्हणायचं. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं आपल्याकडं म्हणतात, पण तसं होत नाही. कॅन्सर पसरतो तो न टोचता घरात बसल्यानं. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचं रुग्णालय सरकारी आहे, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे आणि बार्शी तर आहेच.

हा सगळा इतिहास मी तिला तिच्या चुलीपुढं बसून सांगितला, तिनं भाकरी थापता थापता ऐकला. मिलानच्या बायांचं ऐकून म्हणाली, "म्हंजे त्यांनाबी उगाच कापलं व्हय?" मग म्हणाली, "सुईपोत्तर येते. कापायचं म्हणले तर उठून येईन." मी म्हटलं, कबूल.

घटस्थापनेच्या आधी आम्ही गेलो. नवऱ्याचा खाडा नको म्हणून गटातल्या दोघी सोबत आल्या. सोनोग्राफी झाली, सुई झाली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत ती माझ्याशी नीट बोलली नाही. साधी गाठ निघाली. काढायची गरज नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले. तिनं ती तारीख बचतीच्या पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली आणि दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी टोळीबरोबर कर्नाटकात गेली.

तिचं ऐकून दिवाळीत तिच्या शेजारची आजी आली. वय साठीच्या पुढं. गाठ दीड वर्षाची, वर कातडी ओढलेली. सुनेला सांगितलं नव्हतं, कारण सून दरवर्षी फडावर आणि नातवंडं हिच्याच गळ्यात. तिचा रिपोर्ट वेगळा आला. तिला किमोचं तिसरं सलाईन लागलंय, दर तीन आठवड्यांनी गटातली एक जण तिच्यासोबत एसटीनं जाते. या महिन्यात पाळी माझी आहे. नातवंडांना सांभाळायला गटातल्या बायांनी वार वाटून घेतलेत, फक्त शनिवारचं अजून ठरायचं आहे. वस्तीवरच्या कुणाला जमत असेल तर बैठकीत नाव द्या.